निळ्या खोळीखालचं मशीन

आखाडा बाळापूर, गुरुवार, २४ ऑक्टोबर २००२

आज ह्यांच्या शाळेत जाऊन आले. हे तिथं क्लार्क होते, आता अंथरुणाला खिळलेत. शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच कंपनीचे शेअर ह्यांनी घेतले होते. भाव उतरतच चाललाय. औषधपाण्यासाठी विकू या का, विचारलं तर म्हणाले, "आधी शाळेतलं मशीन बघून ये. चालून राहिलं असंल तर कंपनी चांगली हाय. इकायचं न्हाई."

ही काय पारख झाली? तरी गेले.

माझ्या निळ्या साडीची मी शिवलेली खोळ अजून त्याच्यावर. तिच्यावर दर दसऱ्याचं हळदकुंकू, थरावर थर. शिपाईण गंगूबाई म्हणाल्या, "चालू काहून करतेत वहिनी? बिघडलं तर? पूजेपुरतंच खोली उघडतेत."

वर पंखा फिरत होता, म्हणजे लाईट होती. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काहीच नाही. खोळ होती तशी घातली न् निघाले.

दारात पाय ठेवते तोच ह्यांनी विचारलं, "चालू हाय?"

केवढ्या आशेनं बघत होते. तोंडातून निघून गेलं, "व्हय, बराबर चालू हाय."

किती दिवसांनी हसले! "म्हनलं व्हतं न्हाई तुला?"

आता विकायला सही मागू तरी कोणत्या तोंडानं? सही ह्यांचीच लागते.

मघाशी म्हणाले, खोळ मळली असंल, नवी शिवून दे.

निळ्या साडीचा उरलेला तुकडा काढून ठेवलाय.