उरलेलं तू सांग

३ जून
रुग्णालयात दुभाषी म्हणून आज पहिला दिवस! पगार नाही, पण गळ्यात ओळखपत्र आलं. ते मिरवतच घरी आले. समन्वयक बाईंनी चहा दिला आणि एकच नियम सांगितला: पेशंट 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. एका गरोदर मुलीच्या वतीने मी डॉक्टरांना सांगितलं, बाळ मला फार लाथा मारतंय. सगळे माझ्याच पोटाकडे बघून हसले. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, निदान मला तरी आधी कळवायचंस.

९ जून
कॅन्सरच्या वॉर्डात एक मावशी आहेत. मराठीशिवाय त्यांना दुसरी भाषा येत नाही, आणि डॉक्टरांना मराठी येत नाही. त्यांच्या मुलाने मला दाराशीच गाठलं, आईला खरं सांगू नका म्हणून हात जोडले. पण डॉक्टर बोलतील ते सांगणं हेच माझं काम. आता औषधांचा उपयोग नाही, हे मी सांगितलं. मावशींनी डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. माझं मनगट धरलं.
"हे तू सांगितलंस ना? मग माझं उरलेलंही तूच सांग."


१२ जून
मावशी दुपारी गेल्या. मुलगा अजून वाटेतच होता. समन्वयक बाई म्हणाल्या, थोडे दिवस सुट्टी घे, मनाला लावून घेऊ नकोस. मी ठीक आहे म्हटलं. मनगट गार पडलंय.

१६ जून
एक ड्रायव्हर आला होता. गुडघा वाकत नाही, एवढंच तो म्हणाला. मी डॉक्टरांना सांगितलं, "श्वास पुरत नाही. मला कुशीवर वळवा." आवाज म्हातारा, घरघरता. माझा नव्हता. ड्रायव्हर खुर्ची सारून उठलाच.

१८ जून
मावशींचा मुलगा भेटायला आला. आई शेवटी काय म्हणाली, विचारत होता. धीर द्यायला तोंड उघडलं, तर त्याचं लाडाचं नाव बाहेर पडलं. मला ते कुठून ठाऊक असणार? माझ्या मांडीवर डोकं ठेवून तो ढसाढसा रडला. निघताना म्हणाला, "आई, येतो."

१९ जून
बाईंना फोन लावला. मदत करा म्हणायचं होतं — तोंडून निघालं, "बाळ जेवला का?" त्यांनी चुकीचा नंबर समजून ठेवला.

२० जून
मावशींचा मुलगा बाहेरच्या खोलीत बसलाय. आईला न्यायला आलाय. नवरा त्याला समजावून थकला. आता नवराही म्हणतोय, तिलाच विचारू —
तोंड दाबून धरलंय. आतून 'हो' वर येतंय —
हात अजून माझा आहे. अहो, हे वाचा. मी हो म्हणेन. ते माझं नाही. ऐकू नका. मला बाळाकडे जाऊ दे—