कळलावीला घातलेलं पाणी

कळस,
श्रावणातला सोमवार

प्रिय कौसल्या,

चाळीस वर्षांच्या संसारात तुला पहिल्यांदाच 'प्रिय' लिहितोय, हसू नकोस. रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर आपला अविराज, सूनबाई, नात, सगळेच ऐकत असतात. जेवलो, पाऊस झाला, एवढं बोलून मी मोकळा होतो. तू चौथी शिकलेली आहेस, तेव्हा हे दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. सावकाश वाच.

आधी गुन्हा कबूल करतो. तुझी कळलावीची वेल गेली. तू विचारलंस तेव्हा 'मस्त वर चाललीय' म्हणालो, ते खोटं होतं.

कोऱ्हाळ्याहून, तुझ्या माहेरच्या बांधावरून तू तो कंद पदरात गुंडाळून आणलास, तेव्हा अख्खी आळी समजवायला आली होती. ही वेल दारात लावली की घरात भांडणं लागतात म्हणे. तू म्हणालीस, "आमच्यात भांडनाला येल कशाला पायजे? हे हायेत की." आणि न्हाणीमागं, कुंपणाच्या तारेजवळ कंद पुरलास. विषारी म्हणून शेळी तिकडं फिरकू दिली नाहीस. श्रावणात पाकळ्या वर वळून पिवळ्याच्या लाल व्हायला लागल्या की हातातलं काम टाकून बघत उभी राहायचीस, आणि मी चहासाठी ओरडायचो. दोन मिनिटं तुझ्या शेजारी येऊन उभा राहिलो असतो तर काय बिघडलं असतं?

दिवाळीत पुण्याला नातीला सांभाळायला गेलीस, तेव्हा बजावून गेलीस, "येल वाळंल आता. ती मरत न्हाय, निजती. मिरगापतूर पान्याचा थेंब घालू नका." ऐकलं होतं मी. पण आपण पडलो बागायती माणसं, कोरडी माती दिसली की हात नळाकडे जातो. त्यात चैत्रात घर खायला उठलं. तुझं म्हणून काहीतरी रोज माझ्या हातून व्हावं असं वाटायचं. डाळिंबाच्या ठिबकची नळी तिथवर ओढली, वर सकाळी एक तांब्याही ओतायचो. मृग सरला तरी कोंब दिसेना, तेव्हा उकरलं. कंद कुजून गेला होता. मी तिथंच बसून राहिलो. शेजारचे बिरूतात्या म्हणाले, "रावजी, येलासाठी रडतोस व्हय?" मी व्हय म्हणालो. त्यांना दुसरं काय सांगणार?

नातीची शाळा सुरू झाली की येते म्हणाली होतीस. काल फोनवर अविराजनं विचारलं, आई अजून दोन वर्षं इथं राहिली तर चालेल ना? तू मागून म्हणालीस, "ह्यांना इचार. हे न्हाय म्हनले तर मी जाती." आणि गप्प झालीस. ते गप्प होणं मला कळलं गं. तरी सगळ्यांदेखत म्हणालो, राहू दे की, माझं छान चाललंय. म्हाताऱ्याला बायको हवी म्हणून लेक-सून हसतील, याची लाज वाटली. छान काही चाललेलं नाही. दोघांचं रांधतो आणि एकाचं तसंच राहतं. तू नाहीस तर मला करमत नाही, हे चाळीस वर्षांत सांगायचं राहून गेलं. नातीसाठी बाई लावायचं मी अविराजशी बोलतो. येत्या रविवारी त्याला पुन्हा विचारू दे. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं 'न्हाय' म्हणणार आहे. तू पिशवी भरून ठेव.

तुझाच,
रावजी