सॉकेटमधला लाल धागा

प्रिय धाऊ,

तुझ्या आईच्या अक्षतांनी वाचनालयाचा नवा कॉम्प्युटर बिघडला, ही गोष्ट कसाऱ्याला तुझ्यापर्यंत पोचली असेलच. ती पसरवणारा मीच.

आपला जुना कॉम्प्युटर आठवतो? त्याच्या प्रोसेसरच्या पोटाला सुयांसारखे पाय होते आणि बोर्डावरच्या सॉकेटला नुसती भोकं. तू खटका उचलायचास, मी सॉकेट पुसायचो, कोपऱ्यातली खूण जुळवून प्रोसेसर ठेवला की तो आपल्याच वजनाने आत बसायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शहापूरहून नव्याचं सामान आलं, तेव्हा मी तसंच केलं. सोबतची पुस्तिका उघडलीसुद्धा नाही. गावाला पुस्तकं वाचा म्हणून ओरडणारा मी!

सकाळी तुझ्या आईने, आमच्या मंगळीमावशींनी, नेहमीप्रमाणे कोयते, शिलाई मशीन आणि कॉम्प्युटरचा तो डबा पुजला. बटण दाबलं, पंखा फिरला, पडदा काळाच. झाकण काढलं तर बोर्डावर जाळीतून पडलेले चार तांदूळ. तुला माझी जीभ ठाऊक आहे. वाचनालयाच्या ओट्यावर उभा राहून अंधश्रद्धेवर असा बरसलो की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी पुढेच बसल्या होत्या. हातातलं ताट त्यांनी हळूच पदराखाली घेतलं.

आता भात झोडून झालं. खळ्यावरच्या राशीची पूजा दरवर्षी त्यांच्या हातची. यंदा मळणीच्या मशीनजवळून हरेश हसत म्हणाला, "मावशे, लांबूनच टाक गो तांदूळ, नायतर मशीन बंद परंल." त्या म्हणाल्या, "माज्या हातानं बिघारतंय, तर नाय लावत मी हात." आणि घरी गेल्या. त्यानंतर कुठे आलेल्या नाहीत. हरेशचं हसू माझ्याच भाषणातून उचललेलं होतं.

काल दुकानात परत पाठवायला म्हणून प्रोसेसर काढला. धाऊ, नव्याला पाय नसतात. खाली सपाट सोनेरी ठिपके, आणि केसासारख्या तारा उलट सॉकेटमध्ये. तिथे बोटही लावायचं नसतं. वाऱ्याने भात आडवं पडावं तशा त्या एका अंगाला झोपल्या होत्या, आणि त्यांत अडकला होता एक लाल धागा. सभेत मी खांद्यावर टाकतो त्या पंच्याचा. मी त्यानेच सॉकेट पुसलं होतं. तांदूळ तिथे पोचलेच नव्हते.

पूजा मी आजही मानत नाही. पण पुरावा मागत फिरणाऱ्या मी पुरावा न बघता तुझ्या आईला दोषी ठरवलं. रात्रीपासून मान वर होत नाही.

येत्या रविवारी त्याच ओट्यावर, त्याच लोकांपुढे, तो पंचा आणि तो बोर्ड हातात घेऊन हे सांगणार आहे. मी बोलावलं तर त्या येणार नाहीत, म्हणून तुला लिहितोय. सुट्टी काढ, त्यांना घेऊन ये, पुढेच बसव. रवी या वेळी थोडक्यात बोलणार आहे, असं सांग. विश्वास बसणार नाही त्यांचा, पण सांग.

तुझाच, शरमलेला
रवींद्र