मुलींच्या पथकाला आठ नावं

३ जानेवारी १९५५, सोम., बारामती
आज स्काउट-गाइड समितीच्या बैठकीत अब्रू गेली. मुलींच्या पथकाची यादी मागितली, माझा कागद कोरा. मुलांच्या पथकाचे सबनीस सर उठले आणि तो कागद सगळ्यांना उलटासुलटा करून दाखवला. म्हणाले, "पथकात बाई एकट्याच दिसतात. स्वतःच शिट्टी वाजवा, स्वतःच रांगेत उभ्या राहा." अध्यक्षसाहेबांसकट सगळे हसले. चहा आणणारा शिपाईसुद्धा.
मुदत ३१ तारखेच्या बैठकीपर्यंत. पालकांच्या सहीसकट आठ मुली, नाहीतर शिबिराचे आमचे दोन्ही तंबू मुलांच्या पथकाला. म्हणजे स.ला. (यापुढं नुसतं स. पूर्ण नावावर शाई घालवणार नाही.) त्याच बैठकीत, त्याच्या तोंडावर आठ नावं वाचीन. नाही वाचली तर बापाचं नाव लावणार नाही.

६ जाने., गुरु.
बाजाराचा दिवस. सगळे बाप एका जागी सापडतील म्हणून शाळा सुटल्यावर तिकडंच. पिंपळीचे तात्या वांग्यांच्या ढिगामागं बसलेले. त्यांची कुसुम माझ्या वर्गात. म्हणाले, "रानात न्यायला पथक कशाला वं बाई? पोरगी रोज रानातच हाय की, खुरपं घिऊन." शेजारचे हसले. पुढचा म्हणाला बघू, त्याच्या पुढचा म्हणाला लग्न ठरतंय.
नावं शून्य. पाय भरून आलेत. परतताना स. दिसला, खाकीतली वीस पोरं मागं. मला बघून मुद्दाम शिट्टी फुंकली. फुंक बाबा, फुंक.

९ जाने., रवि., इंदापूर
आईकडं. येताना वाकडी वाट करून कळसला उतरले, हिराच्या घरी. हिरा बारामतीत मावशीकडं राहून शिकते, सातवीत. बाप धनगर, आता थोडी शेती, मेंढरं उरलीत पाचसहा. माझं सगळं ऐकून घेतलं आणि आत हाक मारली, "अगं, बाई पोरीला तंबूत ऱ्हायला न्यायची म्हंत्यात. धाडायची का?" आतून "धाडा की" आलं. लगेच अंगठा उठवला.
मी म्हटलं, तुम्ही आधी त्यांना विचारलंत? "मग कुणाला इचारू? पोरीचं आईला ठावं. तुमी बाप्यांच्या मागं कशापायी फिरताय?"
गाढव मी. सगळा बाजार हिंडले, एका आईला विचारलं नाही.
नाव एक. आई म्हणाली, कुणावर एवढी जळफळतेस, जेव आधी. जेवले. राग आहे तसा आहे.

१४ जाने., शुक्र., बारामती. संक्रांत
घरमालकीण गोदूकाकूंचं हळदीकुंकू. वाण मी दिलं. प्रत्येकीला हातभर सुंभाची दोरी, पथकातली गाठ मारून. काकू म्हणाल्या, "दोरी कसलं गं मेलं वाण?" पण ठेवू दिली. बायका आधी फिदीफिदी हसल्या, मग सोडवायला बसल्या. ओढली की घट्ट, उलटी ढकलली की सुटते. कुसुमच्या आईनं तीनदा करून बघितली. म्हणाली, "वैरणीच्या भाऱ्याला बरी हाय ही." मग तिळगूळ राहिला बाजूला, सगळ्या गाठीच मारतायत.
सहीचं विचारलं तर तीच म्हणाली, "त्येंची सही मी आणते. जेवाय वाढलं की कागद म्होरं ठेवते."

१९ जाने., बुध.
सात! कुसुमच्या कागदावर तात्यांची सही, शेजारी पिठल्याचा डाग.
स.ला कळलंय. शाळेच्या पायरीवर गाठून म्हणाला, "घरोघर वाण वाटून पथक होत नसतं, बाई." होतंय की. तुझ्या नाकावर टिच्चून होतंय.

२१ जाने., शुक्र.
मजा. स.च्या बायकोचं, सुधाताईंचं बोलावणं. इरकली नेसून गेले, दोऱ्या घेऊन. घरात बायका म्हणून स. बाहेर सायकल पुसत बसलेला. त्याच्याच पलंगाच्या पायाला बायकांनी गाठी मारल्या. कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.
निघताना सुधाताईंनी स्वयंपाकघरात नेलं. त्यांची शैला, बारा वर्षांची. बाप अंगणात पोरांना शिकवतो ते खिडकीतून बघून तिला सगळ्या गाठी येतात. डोळे मिटून करून दाखवल्या. सुधाताई म्हणाल्या, "कागद द्या. सही मी आणते."
आठवं नाव, आणि तेही कुणाचं. वाटेत एकटीच हसत होते.

२६ जाने., बुध.
झेंडावंदन. स. म्हणाला, "सात म्हणजे शून्यच की." मी गोड हसले. शैलाचा कागद कालच आला, पिशवीत होता. खाली 'सबनीस', झोकदार. न वाचताच केली असणार सही.
घरी आरशापुढं वाचून बघितलं. सात नावं भरभर, मग थांबायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग आठवं. आडनाव आधी.

३० जाने., रवि. रथसप्तमी
सुधाताई आल्या. बसल्या नाहीत. ती सही त्यांनीच केलीय, त्याच्या नावानं. "विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते." शिबिराच्या दिवसांत माहेरी नेते म्हणून सांगणार होत्या. म्हणाल्या, "नाव मोठ्यानं वाचू नका. नुसतं यादीत असू द्या."
मी म्हटलं, यादी तेच तपासतात.
म्हणाल्या, "तुमचं काय, तुम्ही वाचाल, जिंकाल, खोलीवर याल. मला त्याच घरात जायचंय. शैलालाही."
सबंध महिना त्याचं पडलेलं तोंड डोळ्यांपुढं होतं. त्या पोरीचं एकदाही...

३१ जाने., सोम.
याद्या दोन लिहिल्या. सातांची आणि आठांची. दोन्ही पिशवीत. सातांची दिली तर तंबू गेले, हिरा, कुसुम सगळ्या घरी, आणि तो परत हसणार, त्याच खुर्चीत बसून. आठांची दिली तर त्या दोघींचं काय होईल ते मला बघावं लागणार नाही, एवढंच. त्याची जिरलेली मला अजून बघायचीय. इथं खोटं कशाला लिहू.
काकूंना विचारलं. म्हणाल्या, चहा गार होतोय.
बैठक अकराला. आत्ता दारावरून स. सायकलनं गेला, कॅरिअरवर शैला, शाळेत सोडायला. थांबला. "काय बाई, सातच ना?"
मी म्हटलं, "अकराला बघू."
शैला त्याच्या पाठीआडून बघत होती. तिला काहीच माहीत नाही. दोरीचा तुकडा वर धरून दाखवला मला, आणि पडू नये म्हणून दुसऱ्या हातानं बापाचा सदरा धरला.