टाका सुटल्याचा आवाज

जुन्नर
शनिवार, १४ मार्च

प्रिय कल्याणी,

जय भीम. पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. तुझी आई अंगणात शेजारच्या साळुबाईंबरोबर कुरडयांचा चीक घोटतेय. तिने मला दोन-तीनदा हाक मारलेली दिसते, कारण पळी हातात धरून ती माझ्याकडे रोखून बघतेय. काकांचा समाधान दुपारच्या पाळीला तुझ्याकडे चाकणला निघालाय, त्याच्या हाती हे देतो. बापाने फोन सोडून कागद का धरला, असं तुला वाटेल. मोबाइलवर टाइप करायला माझी बोटं जाड, आणि हे दोन ओळींत मावणारंही नाही. बोलून का नाही सांगितलं, त्यावर मी येईनच. आठ दिवस घास गोड लागत नाही बघ.

निमगाव सावाच्या पुष्पाला मी दिवाळीत दिलेलं ते काळं शिलाई मशीन तुला आठवत असेल. भोसरीच्या भंगारातून आणलेलं, तुझ्या जन्माच्या आधी कुठल्याशा चामड्याच्या कारखान्यात राबलेलं. टेम्पोतून उतरवायला चौघे लागले होते. आलं तेव्हा हातचाक तसूभर फिरत नव्हतं. पंधरा दिवस डिझेलमध्ये भिजवलं, शेगडीवर गरम केलं, पुन्हा भिजवलं. एक एक स्क्रू सोडवताना मी त्याला इतक्या शिव्या दिल्या की तुझी आई म्हणाली, यापेक्षा दुसरा नवरा केला असता तर बरं झालं असतं. चार महिने लागले. पण असं मशीन आता होत नाही. त्यात कापड दाबणारा वरचा पायही कापडाबरोबर पुढे चालतो, त्यामुळे चार पदरी जाड पट्टा घातला तरी तो तिळभर सरकत नाही.

पुष्पाला तसंच मशीन हवं होतं. तिचा नवरा यमाजी विहिरींचा गाळ काढणाऱ्यांची टोळी चालवतो. त्यांच्या घरातली मेंढरं गेली आणि यारी आली, म्हणजे ती विहिरीवर उभी करतात ती क्रेन. माणसं कमरेला नुसता दोर बांधून साठ-साठ फूट खाली उतरायची. गेल्या उन्हाळ्यात एकाचा दोर सरकून काखेत रुतला, त्याच्या दोन बरगड्या गेल्या. तेव्हापासून पुष्पाने मनावर घेतलं आणि खांद्यावरून, मांड्यांखालून जाणारे पट्टे स्वतः शिवायला लागली. बाई हुशार. दिवाळीपासून तिने सतरा पट्टे शिवले. चार त्यांच्या टोळीत आहेत, बाकीचे आळेफाटा, मंचर, घोडेगाव, कुठे कुठे गेलेत. येत्या गुरुवारी पाडवा. पाडवा झाला की विहिरींची कामं सुरू होतात, हे तुला सांगायला नको.

मागच्या शुक्रवारी ती दुकानात आली. माझ्यासाठी हत्यारं अडकवायचा पट्टा शिवून आणला होता, त्याच मशीनवर, त्याच मापाने. म्हणाली, "मामा, तुमच्यामुळं झालं वो सगळं, लई नाव निघालंय." मी सवयीने पट्टा उलटा केला. चार पदर जिथे एकमेकांवर येतात तिथे खालच्या बाजूला एक टाका दुप्पट लांब दिसला. पुढे बोटभर अंतरावर आणखी एक. टाका सुटला होता, कल्याणी. मी तिला म्हणालो, छान शिवलंय. ती गेल्यावर पट्टा टेबलावरच्या शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळला आणि पकडीने ओढला, तर उसवत गेला. फार जोरही लावावा लागला नाही.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, तेल घालायच्या निमित्ताने निमगावला गेलो. ओझरच्या रस्त्याला चतुर्थीची गर्दी होती, एसटीत उभ्यानेच गेलो आणि वाटभर एकच मनात, की धागा खराब निघू दे. धागा चांगला होता. चूक माझी होती. सुई आणि खालच्या हुकाचं टोक यांच्यात कागद मावेल एवढी फट लागते. मी ती केसभर कमी ठेवली होती. पातळ कापडावर काही होत नाही, पण जाड पट्ट्यात सुई जराशी वाकते आणि टोकाला घासते. दर वेळी टिच असा बारीक आवाज येतो. टिचून टिचून टोक बोथट झालं की ते धागा पकडत नाही, टाका सोडून देतं. मी हूक काढून खिशात घातला आणि धार लावून आणतो म्हणालो. मशीन तेव्हापासून बंद आहे. पण ते सतरा पट्टे बंद नाहीत.

याहून वाईट पुढे आहे. दिवाळीत मशीन लावून दिलं त्या दिवशी पुष्पाने पहिला पट्टा सुईखाली घातला आणि मला विचारलं होतं, "मामा, मदीच कायतरी टिचतंय व्हय?" मी म्हणालो, जुनं हाड आहे, रुळेल. मशीन द्यायच्या आधी तासभर चालवायचं आणि डोळे मिटून ऐकत बसायचं ही माझी पद्धत तुला माहीत आहे. त्या दिवशीही मी डोळे मिटून बसलो होतो, पाहुणा बनून आलेल्या जावयासारखा. अख्खा बाजार म्हणतो, खंडूमामा मशीन कानाने बघतो. आणि ज्या बाईला मशीनचा 'म'ही ठाऊक नव्हता तिने ऐकलं ते मी नाही म्हणून टाकलं.

तू सहावीत असशील. माझ्या टेबलाखाली पोतं टाकून अभ्यास करायचीस. खंडेनवमी जवळ आली की दुकानात पाय ठेवायला जागा नसायची, जो तो पूजेच्या आधी मशीन चालू करून मागायचा. आपल्या घरात पूजा नाही, पण तुझ्या आजोबांची शिस्त होती की त्या दिवशी दुकानातल्या प्रत्येक मशीनला तेल मिळालंच पाहिजे, हळद नको. तेलाची बुधली तुझ्याकडे असायची. एकदा मी एक मशीन पास करून बाजूला ठेवलं, तर तू खालूनच म्हणालीस, "अप्पा, सात टाके नीट पडतात, आठव्याला बारीक कायतरी वाजतं." मी उघडलं तर दातेरी चाकाचा एक दात तुटलेला. त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला आणि मी तुला सांगितलं काय, तर गणितं कर. पुढे डिप्लोमा झाल्यावर तू दुकानात बसते म्हणालीस तेव्हाही मी नाहीच म्हणालो. हात काळे करायला तुला शिकवलं नाही, असं तोडून बोललो. ते चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण तू रडत आत गेलीस हे मी पाहिलं होतं.

तुझ्या आईकडून कळतं की तुला वाटतं मी रागावलोय. "अप्पा फोनवर दोन शब्द बोलतात आणि आईकडे देतात, त्या नारायणगावच्या स्थळाला मी नकार दिला म्हणून," असं तू तिला म्हणालीस. अगं, ते स्थळ मलाच पसंत नव्हतं. मुलगा बोलताना सारखा स्वतःच्या बुटांकडे बघत होता. राग वगैरे काही नाही. मी फोन देतो कारण तुझा आवाज फोनमधून माझ्यापर्यंत येतच नाही.

आता लिहूनच टाकतो. मला ऐकू येत नाही, कल्याणी. डावा कान दोन वर्षांपूर्वी गेला, उजवा गेल्या पावसाळ्यापासून जातोय. पुण्याच्या कारखान्यात दोनशे मशीनच्या मध्ये वीस वर्षं काढली, त्याचं हे. डॉक्टरांचा कागद सुयांच्या डबीत घालून ठेवलाय, तुझ्या आईला दाखवलेला नाही. तिला कळलंय बहुतेक, कारण हल्ली ती वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसते. दुकानात मी स्क्रूड्रायव्हरचं एक टोक मशीनला लावतो आणि त्याची मूठ दातांत धरतो. मग जबड्यातून थोडं कळतं. गिऱ्हाईक असलं की तेही करत नाही. लोकांना समजलं तर माझ्याकडे मशीन कोण आणेल, एवढ्या एका भीतीपायी मी पुष्पाला रुळेल म्हणालो.

आज सकाळी पहिल्या गाडीने निमगावला जाऊन आलो. पुष्पा आणि यमाजी ओट्यावरच होते. उसवलेला पट्टा त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितलं, चूक माझी आहे, सतराच्या सतरा पट्टे थांबवा, त्यांच्यावर माणूस सोडू नका. एवढं मी नीट बोललो. मग यमाजी बोलायला लागला. तो भिंतीकडे तोंड करून बोलत होता, खूप वेळ बोलला, हात मंचरच्या दिशेने दाखवत होता. पुष्पा मध्ये दोनदा काहीतरी म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मी मान डोलावत राहिलो. दोन वर्षांत हीच सवय लागलीय, समोरचं तोंड हललं की मान हलवायची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी विचारलं, मी हो म्हणालो आणि गाडीत येऊन बसलो. काय कबूल करून आलो ते मला माहीत नाही. बाकीचे तेरा पट्टे यमाजी गोळा करणार आहे, की मी करायचे आहेत आणि तो माझ्या भरवशावर बसलाय? कुणाकुणाकडे आहेत ती नावं त्याने सांगितलीही असतील. तिथेच म्हणायला हवं होतं, मला ऐकू येत नाही, लिहून दे. तोंडाशी आलं आणि गिळलं. पाडव्याला पाच दिवस उरलेत. उद्या रविवार आहे, तुला सुट्टी असेल, सकाळच्या गाडीने ये. आपण दोघं निमगावला जाऊ. मला ऐकू येत नाही हे मी तुझ्यादेखत त्यांना सांगेन आणि म्हणेन की काल काय बोललात ते सगळं पुन्हा बोला. तू माझ्या शेजारी बस, ऐक आणि वहीत उतरवून मला दाखव. त्यांनी मला जे काही सुनावलं असेल तेही लिही, आपला बाप आहे म्हणून एक शब्द गाळू नकोस.

तुझाच,
अप्पा