अविधवा नवमीचं पाणी

२ ऑक्टोबर २००७, चेन्नई
अण्णा नगरात लेकाकडे, पुष्करकडे, पोचलो एकदाचा! चिरंजीवांची नोकरी भर समुद्रात, बार्जवर. वरच्या कोमट पाण्याची वाफ करायची, खोलातून ओढलेल्या गार पाण्यानं ती निववायची, की झालं गोडं पाणी. घरीही त्याचाच कॅन. पहिला पेला तोंडाला लावला आणि चौथीतली समुद्राची कविता चालीसकट आठवली. हात मागे बांधून म्हटली. पुष्कर म्हणाला, बाबा, टाळ्या नंतर, आधी आंघोळ करा.

याच समुद्रानं माझी रत्नप्रभा नेली. लेकाचं घर लावायला आली होती, त्सुनामीच्या सकाळी किनाऱ्यावर फिरायला गेली. देह मिळाला नाही. तिची शाल अजून इथे खुंटीवर आहे.

५ ऑक्टोबर
अविधवा नवमी. पुष्कर कामावर, म्हणून तर्पणाला मीच बसलो. पाणी कॅनमधलंच घेतलं. तिच्या समुद्राचं, पण गोड. तीळ, दर्भ, ताम्हन. रत्नप्रभेचं नाव घेतलं आणि त्याच दमात पुष्करचं! पंचवीस वर्षं जेवायला हाक मारताना ही दोन नावं जोडीनंच यायची हो. ओंजळ सुटून गेली होती. ताम्हनातलं पाणी चाखलं. खारट.

६ ऑक्टोबर
खालच्या मजल्यावर तंजावरकडचे चंद्रमौळी भटजी राहतात. त्यांना सांगितलं. आधी हसले, म्हणाले, मास्तर, तर्पणात हजेरी कसली घेता? मग दार लोटून घेतलं. जिवंताला तिळाचं पाणी दिलं की न्यायला कुणीतरी येतं म्हणाले. ते परत घेता येत नाही. हाक आली तर ओ तेवढी देऊ नका.
पुष्करला बार्जवर जाऊ नको म्हटलं. म्हणाला, बाबा, वाफेला नावं कळत नाहीत.

८ ऑक्टोबर
पुष्कर अख्खा कॅन प्यायला. तहान जात नाही म्हणतो. भुवयांवर मीठ. खाली फार गार आहे, आईला शाल नेऊ का, असं विचारलं त्यानं. नंतर त्याला आठवेना.

९ ऑक्टोबर
दाराला कुलूप घातलं. किल्ली माझ्या कनवटीला. तो दाराशी शहाण्या पोरासारखा बसलाय, चौथीतली कविता म्हणतोय — तिच्या आवाजात. शेवटचं कडवं आमच्या पुस्तकात नव्हतं —

१० ऑक्टोबर
कुलूप गंजून गळालं. एका दिवसात. पुष्कर नाही. शालही नाही. बार्जवर पोचलाच नाही म्हणतात. ताम्हन काठोकाठ. ओतलं. पुन्हा भरलं —

११ ऑक्टोबर, सर्वपित्री
स्वयंपाकघरातून हाक. जेवायला. तिचीच. आधी पुष्करचं नाव. त्यानं ओ दिली — पाण्यातून दिल्यासारखी.
तिसरं ताट मांडल्याचा आवाज. आता माझं —
तोंड दाबून धरलंय दोन्ही — नाही, एकाच हातानं. दुसरा लिहितोय. थांबत नाही. आलो गं, आलो, आ —