मेटाडोरची बॅटरी भरलेली राहू द्या

विजयभाऊजी,

सकाळच्या पॅसेंजरने नागपूरला, तुमच्या दादांकडे दवाखान्यात परत जाते आहे. काल घरी आले तेव्हा मेटाडोरच्या बॅटरीचा चार्जर तुम्ही काढून ठेवलेला दिसला. "वहिनी, वरून सोलर भरून राहिलं, खालून लाईट, दोन करंट भांडतीन ना," असं तुम्ही म्हणालात. भांडत नाहीत. ढगाळ दिवसांत टपावरचं पॅनल थोडंच देतं, उरलेलं चार्जर भरतो. दोन्ही जोडलेले असू द्या, लाल तार लालवरच. बॅटरीत बुडबुडे जोरात येऊ लागले की फक्त चार्जर बंद करा. गॅस कोंडू नये म्हणून गाडीची दारं उघडी ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं त्या गाडीतून फिरायला निघणार होतो. परवा डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं. महिनाभरही कठीण आहे म्हणाले. दादांना हे सांगितलेलं नाही. ते रोज विचारतात, "बॅटरी भरून राहिली ना?" मी हो म्हणते.

तिथे मला आता पुष्कळ खोटं बोलावं लागणार आहे. एवढं एक उत्तर तरी खरं असू द्या.

प्रतिभा